जर्मेनिक लोक मूळचे कुठले आणि जगायचे कसे

प्रश्न असा आहे की जर्मेनिक लोक नक्की आले कुठून, ते आणि आपल्याकडचे आर्य मुळात एकच का, आणि रोमन लेखकांनी रंगवलेत तसे ते खरंच घनदाट जंगलात राहणारे, सदा लढणारे रानटी लोक होते का. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींचा पुरावा वेगळ्या ठिकाणाहून येतो, त्यामुळे उत्तर लांबणार. मी पुरातत्त्वातली, त्यातही उत्खननात निघालेल्या प्राण्यांच्या हाडांवर काम करते, उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या लोहयुगातला माल बरीच वर्षं हाताळतेय. त्यामुळे राजे आणि लढायांपेक्षा गोठा, चूल आणि दलदल यांबद्दलच जास्त बोलेन, आणि माझ्या मते या लोकांना समजून घ्यायचा खरा रस्ता तिथूनच जातो.

आधी नावाचं बघू. ‘जर्मानी’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. रोमन सेनापती ज्युलियस सीझर इ.स.पू. 58 पासून गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, लढत होता, त्याने ऱ्हाइन नदी ही सीमा धरली, अलीकडे गॉल आणि पलीकडे जर्मानी. ही आखणी त्याच्या राजकीय सोयीची होती, कारण गॉल जिंकला आणि पलीकडचे लोक मुळातच वेगळे आहेत, तिथे जाण्यात अर्थ नाही असं रोमला सांगता येत होतं. जमिनीत खणलं की अशी रेघ कुठे सापडत नाही. दक्षिण जर्मनीत ऱ्हाइनच्या दोन्ही बाजूंना तटबंदीची मोठी केल्टिक, म्हणजे गॉलमधल्यांशी नातं असलेल्या लोकांची, गावं मिळतात, आणि खरा फरक दिसायला लागतो तो बराच उत्तरेला. ते लोक स्वतःची ओळख सांगताना चेरुस्की, खट्टी, फ्रिसी, अंगली अशी आपापल्या टोळीची नावं सांगायचे, आपण सगळे मिळून एक जमात आहोत असं त्यांना वाटत होतं याचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

मग यांना जोडणारं काय होतं? भाषा. आणि इथेच आपला संबंध येतो. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मेनिक या एकाच मोठ्या कुटुंबातल्या भाषा, पण जर्मेनिक शाखेत व्यंजनं एका ठरावीक पद्धतीने सरकली, म्हणजे आपला ‘पितृ’ तिकडे ‘फादर’ झाला, ‘त्रि’चं ‘थ्री’ झालं, जुना ‘प’ होता तिथे बहुतेक ठिकाणी ‘फ’ आला. हा बदल साधारणपणे इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकात झाला असं भाषातज्ज्ञ मानतात. हा बदल झालेली बोली बोलणारे ते जर्मेनिक, ही त्यातल्या त्यात प्रामाणिक व्याख्या आहे.

आता आर्यांचं. मराठी वाचकांमध्ये हा विषय निघाला की लोकमान्य टिळकांचा आर्क्टिकचा सिद्धांत येतोच. टिळकांनी तो 1903 साली मांडला, तेव्हा हातात फक्त ग्रंथ आणि खगोल होतं, आणि त्या साधनांवर त्यांनी केलेलं काम मोठं होतं. आज आपल्याकडे हाडांमधला डीएनए आहे. 2015 साली आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की इ.स.पू. 3000 च्या सुमारास काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून लोक मोठ्या संख्येने युरोपात पसरले. त्याच गवताळ प्रदेशाशी नातं सांगणारा अंश भारतात बराच उशिरा, इ.स.पू. 2000 नंतरच्या काळात पोचलेला दिसतो. म्हणजे उत्तर ध्रुवाची गरज नाही, पण नातं आहे, आणि ते खूप लांबचं आहे. जर्मेनिक म्हणता येईल असं काही तयार व्हायच्या कितीतरी आधी दोन्ही शाखा वेगळ्या झालेल्या, मधल्या काळात दोन्हीकडे स्थानिक लोक मिसळलेले. आपण आणि जर्मन एकाच रक्ताचे वगैरे जे व्हॉट्सअॅपवर फिरतं त्यात तथ्य इतकंच की भाषेचा पणजोबा एक आहे.

बरं, हे पसरलेले लोक युटलंडमध्ये, म्हणजे आजच्या डेन्मार्कच्या मुख्य भूमीवर, इ.स.पू. 2850 च्या आसपास दिसायला लागतात. एकेका माणसाला पुरून वर मातीचा ढिगारा, सोबत दगडी कुऱ्हाड, अशी त्यांची थडगी. आधीच्या शेतकऱ्यांशी मिसळत मिसळत पुढे इ.स.पू. 1700 ते 500 असं तिथलं कांस्ययुग उभं राहतं, आणि ते फार श्रीमंत आहे. ट्रुंडहोमला 1902 साली नांगरताना सापडलेला ब्राँझचा सूर्यरथ त्यातलाच, सोन्याचा पत्रा चढवलेली चकती, पुढे घोडा, खाली चाकं. एग्टवेडला ओकच्या खोडात पुरलेली तरुण मुलगी मिळाली, तिचा दोऱ्यांचा आखूड स्कर्ट आणि लोकरीचा झंपर जवळपास जसाच्या तसा टिकलाय, काळ इ.स.पू. 1370 च्या सुमारचा. पण ब्राँझ करायला तांबं आणि कथील लागतं आणि डेन्मार्कमध्ये दोन्ही नाहीत. सगळं दुरून यायचं, बदल्यात अंबर, म्हणजे झाडाच्या चिकाचा दगडासारखा झालेला पिवळा खडा, जायचं. ज्याच्या हातात हा व्यापार त्याच्या हातात सत्ता.

लोखंडाने हे गणित मोडलं. उत्तरेच्या दलदलीत लोह असलेली माती आपोआप साठते, ती खणायची, भाजायची आणि मातीच्या धुराड्यासारख्या भट्टीत कोळशाबरोबर तापवायची. त्यांच्या भट्टीची रचना मला फार आवडते. धुराड्याच्या खाली खड्डा, तो खड्डा गवताने किंवा लाकडाने भरलेला, वर भट्टी पेटली की मळी, म्हणजे लोखंडापासून सुटणारा टाकाऊ भाग, वितळून खाली उतरायची, भरलेलं गवत जळत जायचं आणि मळीचा गोळा खड्ड्यात साठायचा, लोखंडाचा स्पंजसारखा गोळा वरच राहायचा. तो काढला की धुराडं दुसऱ्या खड्ड्यावर न्यायचं. मळीचे हे अवजड गोळे आजही युटलंडच्या शेतात नांगराला लागतात, आणि काहींवर आतल्या गवताचे ठसे दिसतात. तर मुद्दा असा की लोखंड गावातच मिळायला लागलं, दुरून माल आणणाऱ्या सरदारांची गरज कमी झाली, त्याच सुमारास हवामानही थंड आणि ओलं होत गेलं, आणि लोहयुगाच्या सुरुवातीला सगळा प्रदेश एकदम साधा दिसायला लागतो. मोठी थडगी बंद. मृतांना जाळायचं, राख मडक्यात भरायची, सोबत एखादी टाचणी किंवा पट्ट्याचा आकडा, आणि अशी शेकडो मडकी ओळीने एका जागी पुरलेली.

अशाच एका राख-मडक्यांच्या स्मशानावरून, लोअर सॅक्सनीतल्या यास्टॉर्फ गावाच्या नावाने, गुस्टाफ श्वांटेस यांनी या संस्कृतीला नाव दिलं. काळ साधारण इ.स.पू. 600 पासून इसवीसनाच्या सुरुवातीपर्यंत, प्रदेश उत्तर जर्मनी आणि युटलंडचा. पुस्तकांत ‘जर्मेनिक लोकांचं मूळ म्हणजे यास्टॉर्फ’ असं सरळ वाक्य सापडतं. मी ते इतकं सरळ लिहिणार नाही. प्रदेश आणि काळ दोन्ही जुळतात, भाषेचा तो बदल इथेच कुठेतरी आणि दक्षिण स्कँडिनेव्हियात झाला असणं शक्य आहे, केल्टिक शेजाऱ्यांकडून लोखंडाचा शब्दसुद्धा यांनी घेतलेला दिसतो, म्हणजे संपर्क जवळचा होता. पण मडकं बोलत नाही. अमुक नक्षीचं मडकं म्हणजे अमुक भाषेचा माणूस, असं गृहीत धरणारी पद्धत गुस्टाफ कोसिना या जर्मन पुरातत्त्वज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केली, आणि नाझींनी ती उचलून ‘जिथे जर्मेनिक मडकं तिथे जर्मन जमीन’ असा दावा केला. पोलंडमधल्या खेड्यांना याची काय किंमत मोजावी लागली ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आमच्या क्षेत्रात आज या बाबतीत काटेकोरपणा पाळतात, आणि काही इतिहासकारांनी तर ‘जर्मेनिक’ हा शब्दच टाकून द्या असं म्हटलंय. मी तितक्या टोकाला जात नाही, भाषेसाठी तो शब्द लागतोच.

आता ते घर, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

ब्रेमरहाफनच्या उत्तरेला समुद्रकाठच्या खाजणात फेडरसन विर्डे नावाचा टेकाड आहे. वेर्नर हार्नागेल यांनी 1955 ते 1963 अशी सलग तिथे खोदाई केली आणि अख्खं गाव उघडं केलं. इ.स.पू. पहिल्या शतकात काही घरं सपाट जमिनीवर बांधली गेली, समुद्राचं पाणी चढायला लागल्यावर लोकांनी शेण आणि चिकणमातीचे थर देत देत घराखालची जमीन उंच केली, पिढ्यान्‌पिढ्या, आणि पाचव्या शतकात गाव सुटलं तोवर टेकाड तयार झालं होतं. शेण आणि ओली माती यात हवा जात नाही, त्यामुळे लाकूड, काठ्यांच्या कुडाच्या भिंती, चामडं, लोकर, सगळं टिकलं. कोरड्या जमिनीवरच्या उत्खननात आम्हाला खांबांच्या खड्ड्यांचे नुसते काळे डाग मिळतात, इथे कुड अजून कमरेएवढा उभा होता.

घर लांबट, आत खांबांच्या दोन रांगा, त्यामुळे आतली जागा तीन पट्ट्यांत विभागलेली. एका टोकाला माणसं, मध्ये जमिनीवरच पेटती चूल, आणि दुसऱ्या टोकाला त्याच छपराखाली गोठा. गोठ्यात दोन्ही बाजूंना कुडाचे छोटे कप्पे, प्रत्येकात दोन गुरं, तोंड भिंतीकडे, मधून शेणमूत वाहून न्यायला चर. कप्पे मोजले की घरात किती गुरं होती ते कळतं. भरभराटीच्या काळात पंचवीसेक घरं आणि साडेचारशेच्या आसपास गुरांची जागा, असा हिशोब लागतो. हिवाळ्यात गुरं आत घेतली की घर उबदार राहतं, शेण एका जागी साठतं आणि शेताला जातं, आणि गुरं चोरीला जात नाहीत, आणि माझ्या मते यातलं शेवटचं कारण लोक कमी लेखतात.

हाडांकडे येते. अशा वस्तीतली हाडं टेबलावर पसरली की निम्म्याच्या आसपास गुरांची निघतात, मग मेंढ्या, मग घोडे आणि डुकरं, कुत्रीही असतात. घोड्याच्या हाडांवर सुरीचे घाव दिसतात, म्हणजे घोडा खाल्ला जायचा. आणि जंगली जनावरं? हरीण, रानडुक्कर वगैरे जवळजवळ नाहीतच. ज्या लोकांना दोन हजार वर्षं जंगलातले शिकारी म्हणून रंगवलं, त्यांच्या उकिरड्यात शिकारीचं मांस नगण्य आहे. ते पक्के शेतकरी होते. जव, ओट, एक जाडा घेवडा, जवस, आणि तेलासाठी मोहरीच्या जातीतलं एक बी, ही पिकं. परागकणांचा अभ्यासही हेच सांगतो, वस्त्यांच्या आजूबाजूला मोकळी कुरणं आणि शेतं होती, जंगल होतं पण त्यात माणसाचा आणि गुरांचा वावर भरपूर होता.

गाय मात्र लहान. खांद्यापाशी साधारण 110 सेंटीमीटर, कोकणातली छोट्या चणीची गावठी गाय डोळ्यासमोर आणा म्हणजे अंदाज येईल. त्याच काळात ऱ्हाइनपलीकडे रोमन हद्दीत गुरं चांगली थोराड व्हायला लागली होती, कारण तिथे निवड करून पैदास आणि चारा दोन्ही होतं. टॅसिटस या रोमन लेखकाने इ.स. 98 मध्ये जर्मानींवर छोटा ग्रंथ लिहिला, त्यात तो म्हणतो की यांची जनावरं बुटकी आहेत, शिंगांचाही डौल नाही, पण लोकांना संख्येचं अप्रूप. मेटाकार्पल नावाचं पायाचं हाड कॅलिपरने मोजताना हे वाक्य मला हमखास आठवतं, कारण इथे तो शंभर टक्के बरोबर आहे.

पण टॅसिटस सगळीकडे बरोबर नाही. तो स्वतः बहुधा तिथे गेलाच नव्हता, आधीच्या लोकांचं लिखाण आणि सैनिक-व्यापाऱ्यांच्या गोष्टी यांवर त्याने काम केलं, आणि त्याला रोमन वाचकांना त्यांच्या ऐशारामाबद्दल चार शब्द सुनवायचे होते, त्यामुळे जर्मानी सोज्वळ, एकपत्नी, धाडसी वगैरे दिसतात. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला की काय होतं याचं उदाहरण जरा तपशिलात सांगते, कारण ते आमच्या पिढीला शिकवलं गेलेलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण आहे.

1952 साली उत्तर जर्मनीतल्या श्लेसविग-होल्स्टाइनमध्ये विंडेबीजवळ पीट, म्हणजे दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणताना एक मृतदेह मिळाला. दलदलीतलं पाणी आम्लयुक्त आणि हवेविना असतं, त्यामुळे कातडी, केस, नखं टिकतात. सडपातळ शरीर, डोक्यावरचे केस एका बाजूला अगदी आखूड, डोळ्यांवर विणलेली पट्टी. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असा निष्कर्ष निघाला. काही दिवसांनी जवळच एक पुरुष सापडला. आणि टॅसिटस तर लिहूनच गेला होता की व्यभिचारी बायकोचे केस कापून नवरा तिला गावभर हाकलतो, आणि काही गुन्हेगारांना चिखलात दाबून वर काठ्यांची जाळी टाकतात. झालं, गोष्ट तयार. केस कापलेली, डोळे बांधलेली, बुडवून मारलेली प्रेमिका आणि तिचा प्रियकर. अनेक दशकं हे पुस्तकांत छापलं गेलं, शाळांमध्ये सांगितलं गेलं. नंतर एकेक दोरा सुटत गेला. वय काढायच्या रेडिओकार्बन चाचणीने दाखवलं की पुरुष त्या ‘मुली’पेक्षा काही शतकं आधीचा आहे. डोळ्यांवरची पट्टी ही केस बांधायची पट्टी असून शरीर आकसल्यावर खाली सरकलेली असण्याची शक्यता जास्त. केस एका बाजूला कमी असण्याचं कारण सडणं किंवा खणताना लागलेलं फावडं. आणि हेदर गिल-रॉबिन्सन यांनी शरीर पुन्हा तपासलं तेव्हा ती मुलगीच नव्हती, साधारण सोळा वर्षांचा मुलगा होता, हाडांवर वाढ खुंटल्याच्या खुणा असलेला, बहुधा आजारपणाने गेलेला. कुणाही मुलाला पुरावं तसं त्याला पुरलं असेल. त्या पोराच्या माथी एक न केलेला गुन्हा आणि एक न घडलेली शिक्षा पन्नासेक वर्षं मारली गेली, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

याच्या उलट उदाहरणही त्याच भागातलं आहे. ऑस्टरबीला 1948 साली एका पुरुषाचं नुसतं डोकं मिळालं, कातडी कांबळ्यात गुंडाळलेलं. केस कानाच्या वर ओढून पिळून पक्की गाठ मारलेली. टॅसिटस सांगतो की सुएबी लोकांची ही खूण, केस वळवून गाठ मारतात, स्वतंत्र माणूस आणि गुलाम यांतला फरक त्यावरून कळतो. गाठ इतकी व्यवस्थित आहे की ती कशी घातली हे पाहून आजही घालता येते. म्हणून त्याला फेकूनही द्यायचं नाही, प्रत्येक वाक्य जमिनीशी ताडून बघायचं.

दलदलीतले सगळेच मृतदेह साधे दफन होते असं मात्र नाही. डेन्मार्कमधल्या सिल्कबॉर्गजवळ 1950 मध्ये मिळालेल्या टोलुंडच्या माणसाच्या गळ्यात चामड्याच्या दोरीचा फास आहे, काळ इ.स.पू. 400 च्या जवळपासचा. कुणीतरी त्याचे डोळे आणि तोंड मिटवलं, कुशीवर झोपवलं. पोटात शेवटचं जेवण होतं, जव, जवस आणि रानटी बियांची लापशी, आणि थोडा मासा. त्या काळी मृतांना जाळायची रीत असताना याला अख्खा पाण्यात ठेवला, गुन्हेगार म्हणून फेकल्यासारखंही वागवलं नाही, त्यामुळे देवाला दिलेला असावा असं बहुतेक जण मानतात आणि मलाही तेच पटतं. त्यांच्यासाठी दलदल ही देवाची जागा होती. लोणी भरलेली मडकी, अंगावरचे कपडे, गाड्या, कापलेले केस, सगळं तिथे जायचं. श्लेसविग-होल्स्टाइनमधल्याच ब्राक इथे दोन लाकडी मूर्ती मिळाल्या, फांद्या फुटलेल्या ओकची निवड करून जेमतेम तासलेल्या, एक बाई एक पुरुष, उंची माणसापेक्षा बरीच जास्त, आणि त्यांच्याजवळ वर्षानुवर्षं पेटवलेल्या अग्नीच्या खुणा. त्या देवांची नावं काय होती हे विचारू नका. ओडिन-थॉरच्या ज्या कथा सगळ्यांना माहीत आहेत त्या तेराव्या शतकात आइसलंडमध्ये लिहिल्या गेल्या, त्या उचलून टोलुंडच्या काळात ठेवणं म्हणजे सोळा-सतरा शतकं एका उडीत पार करणं. ओडिनच्या नावाचा सध्या माहीत असलेला सगळ्यात जुना लेखी पुरावा डेन्मार्कमधल्या विंडेलेव्हच्या सोन्याच्या पदकावर आहे, पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि तो वाचला गेला 2023 मध्ये.

आता लढाई. लढणारे होते का, तर होते, यात शंकाच नाही. पण लढाईचं स्वरूप बदलत गेलं आणि त्यात मला त्यांचा सगळा सामाजिक इतिहास दिसतो. डेन्मार्कच्या आल्स बेटावर योर्टस्प्रिंगला इ.स.पू. 350 च्या सुमाराची एक नाव मिळाली, सुमारे 19 मीटर लांब, फळ्या शिवून केलेली, वीसेक वल्हेकऱ्यांची. सोबत हरलेल्या टोळीची हत्यारं, 169 भाल्यांची टोकं आणि तलवारी फक्त 11. म्हणजे भाले घेतलेले शेतकरी आणि मोजके म्होरके. मग इ.स. 200 च्या आसपास युटलंडमधल्या इलेरूप ओडलचं तळं बघा, पंधरा हजारांच्या घरात वस्तू, हरलेल्या सैन्याचा अख्खा सरंजाम मुद्दाम वाकवून, तोडून पाण्यात टाकलेला. ढालीच्या मधोमध हाताचं रक्षण करायला जी धातूची वाटी असते ती चांदीची मूठभर, ब्राँझची तीसेक आणि लोखंडाची साडेतीनशेच्या आसपास. सेनापती, सरदार, शिपाई अशी उतरंड त्या वाट्यांतच मांडलेली आहे. शंभरहून जास्त तलवारींची पाती रोमन बनावटीची. आणि शिपायांच्या कमरेच्या पिशवीतले कंगवे उत्तरेकडच्या हरणांच्या शिंगांचे, म्हणजे हे लोक नॉर्वे-स्वीडनकडून चालून आले होते. रोमशी नाही, जर्मेनिक टोळीची लढाई दुसऱ्या जर्मेनिक टोळीशी. त्याच खोऱ्यात आल्कन एंगला इसवीसनाच्या सुरुवातीच्या काळातली किमान 82 माणसांची हाडं मिळालीत, जवळजवळ सगळे पुरुष. प्रेतं सहा महिने ते वर्षभर उघड्यावर पडली होती, प्राण्यांनी कुरतडली, मग कुणीतरी हाडं गोळा करून तळ्यात सोडली. चार माणसांची कमरेची हाडं एका काठीत ओवलेली मिळाली. हे का केलं असेल ते मी सांगू शकत नाही, पण हे रागाच्या भरात केलेलं नाही, विधी आहे.

या दोन टोकांच्या मधल्या पाचशे वर्षांत जे घडलं त्याचं नाव रोम. इ.स. 9 मध्ये चेरुस्की टोळीच्या आर्मिनियसने वारुस या रोमन सेनापतीची तीन लीजन, म्हणजे सैन्याची मोठी पथकं, बुडवली, ती लढाई कालक्रीझ इथे सापडली, 1987 मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश अधिकाऱ्याला तिथे रोमन नाणी मिळाल्यावर. आर्मिनियस स्वतः रोमन नागरिक होता, रोमन सैन्यात सरदारकी केलेला, हे विसरून त्याला एकोणिसाव्या शतकात राष्ट्रपुरुष केलं गेलं. पण मला त्या लढाईपेक्षा नंतरची दोन-तीनशे वर्षं महत्त्वाची वाटतात. सीमेपलीकडच्या म्होरक्यांना रोम नाणी, चांदीची भांडी, वाइनची पात्रं देत राहिलं, कधी शांत राहा म्हणून, कधी शेजाऱ्याला बडव म्हणून. पोरं रोमन सैन्यात नोकरी करून परत यायची. युटलंडमधल्या होडे गावात इसवीसनाच्या जरा आधीच दिसतं की सगळ्या गावाला एक कुंपण आणि त्यात एकाच घराला स्वतःचं वेगळं कुंपण, तिथेच उत्तम काळी मडकी. फेडरसन विर्डेवरही दुसऱ्या-तिसऱ्या शतकात एक वाडा वेगळा उठतो, मोठी बैठकीची जागा, आजूबाजूला कारागिरांच्या जागा, आणि रोमन माल तिथेच जास्त. तिसऱ्या शतकात अलेमानी, फ्रँक अशी मोठ्या जुटींची नावं पहिल्यांदा ऐकू येतात, जुनी छोटी नावं मागे पडतात. हे जंगलातून अचानक उगवलेले नवे लोक नव्हते, रोमच्या पैशाने आणि दबावाने जुन्याच टोळ्यांचं झालेलं एकत्रीकरण होतं.

फेडरसन विर्डेच्या टेकाडापासून जवळच फालवार्डच्या स्मशानात पाचव्या शतकातली एक लाकडी खुर्ची 1994 मध्ये निघाली. झाडाच्या एकाच खोडातून कोरलेली, अंगभर कोरीव नक्षी, सोबत पाय ठेवायचं छोटं स्टूल, त्यावर रूनिक, म्हणजे जुन्या जर्मेनिक, लिपीत अक्षरं आणि खाली कुत्रा हरणावर झेपावतानाचं चित्र. मालकाला नावेत पुरलेलं, कमरेला रोमन सैन्यात मिळणाऱ्या धर्तीचा पट्टा. नक्षीची पद्धत रोमन सैन्यातल्या पट्ट्यांवरचीच, पण लिपी जर्मेनिक, आणि होडीत पुरायची रीतही तिथलीच. या माणसाला ‘तू जर्मेनिक की रोमन’ असं विचारलं असतं तर त्याने काय उत्तर दिलं असतं याचा मी बराच विचार केलाय, आणि मला वाटतं त्याने गावाचं नाव सांगितलं असतं.

स्त्रियांबद्दल आणि सभांबद्दल थोडक्यात. ब्रुक्टेरी टोळीतली वेलेडा ही भविष्य सांगणारी बाई इ.स. 69-70 च्या, बटावी टोळीने रोमविरुद्ध केलेल्या उठावात इतकी वजनदार होती की तह करताना तिचा शब्द घ्यावा लागायचा, आणि ती लिपे नदीजवळच्या मनोऱ्यात राहायची, कुणाला भेटायची नाही. यावरून सगळ्या बायकांना मान होता असा निष्कर्ष काढू नये. सभा मात्र खऱ्या, हत्यारबंद स्वतंत्र पुरुष जमायचे, पटलं की भाले वाजवायचे. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीवर, म्हणजे रोमन सीमेच्या तटावर, हाउसस्टेड्सला तिसऱ्या शतकात रोमन सेवेतल्या जर्मेनिक सैनिकांनी सभेच्या देवाला, ‘मार्स थिंक्सुस’ला, दगडी वेदी वाहिली, म्हणजे घरची सभा आणि तिचा देव ते छावणीतही घेऊन गेले होते. गुलाम होते, गुरांच्या संख्येत मोजायची भरपाई होती, खुनाबद्दलसुद्धा.

आणि कपडे, कारण चामड्याचे तुकडे पांघरलेले लोक हे चित्र अजून मालिकांमध्ये दिसतं. डेन्मार्कमध्ये हुल्द्रेमोसच्या दलदलीत मिळालेल्या बाईचा चौकड्यांचा लोकरी घागरा आणि ओढणी कोपनहेगनला आहेत, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. आज तपकिरी दिसतात, पण तपासणीत वनस्पतींचे रंग निघाले, म्हणजे मूळ कापड चांगलं रंगीत होतं. वर मेंढीच्या कातड्याच्या झुली, शिवण अगदी बारीक. थोर्सबर्गच्या दलदलीतली लोकरी विजार बघितली तर तिची कापणी आजच्या शिंप्यालाही विचार करायला लावेल.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर श्लेसविगच्या गोटॉर्फ किल्ल्यातलं संग्रहालय पहिलं, विंडेबीचा मुलगा, ऑस्टरबीचं डोकं, ब्राकच्या मूर्ती आणि निडमची 23 मीटरची ओकची नाव तिथेच आहे. इलेरूपची हत्यारं आर्हुसजवळच्या मोस्गार्डला. टोलुंडचा माणूस सिल्कबॉर्गला, त्याचं डोकं मूळचं आहे आणि बाकी शरीर नंतर तयार केलेलं आहे, हे माहीत असू द्या. फालवार्डची खुर्ची बाड बेडेरकेझाच्या छोट्या संग्रहालयात, तिथे गर्दी नसते, निवांत बघता येते.